तरफळसाहेबाची फाइल

नाव थ्रेलफॉल. टाकळीच्या पोलीस लायनीत
ते कुणाच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून तरफळसाहेब.
पस्तीस वर्षं तो ह्याच नावाला ओ देत राहिला.

मी रेकॉर्ड रूमला. निवृत्तीला चार महिने.
जुनं सगळं स्कॅन करा, असा हुकूम आलाय,
तर त्याचं सर्व्हिस बुक एकेक पान मशीनखाली धरते आहे,
वाळवीनं सोडलंय तेवढं वाचत.

जन्म लँकेशायर. बाप सूतगिरणीत मुकादम.
एकविसाव्या वर्षी भंडाऱ्याला असिस्टंट सुपरिटेंडंट.
मराठीची परीक्षा: नापास, नापास, पास.
घोडा घ्यायला उचल, दोनशे रुपये.
हिवताप. हिवताप. रजा.
चांद्याच्या जंगलात एका दरोडेखोरामागं सहा आठवडे,
बक्षीस एक घड्याळ.
मुलगी, वय दीड वर्ष, कामठीच्या कब्रस्तानात;
त्याचे दोन दिवस किरकोळ रजेतून वळते.
मग वर्धा, मग नागपूर, सिव्हिल लाइन्सचा बंगला,
खांद्यावर वाढत गेलेलं पितळ.

एक्केचाळीसच्या तान्ह्या पोळ्याला
मारबतीमागं जो बडग्या निघाला, तो हुबेहूब तरफळ.
बांबूच्या कामट्या, रद्दी, खळ, डोक्यावर टोपलीची हॅट,
आणि नाकाच्या जागी एक वांगं,
आमच्या उन्हात वीस वर्षं भाजलेल्या नाकाच्या रंगाचं.
हा खरा, घोड्यावर, बंदोबस्ताला.
तो खोटा, बैलगाडीवर.
इतवारीपासून दोघं शेजारी शेजारी चालले.
लोक ओरडत होते, इडा पिडा घेऊन जा गे मारबत!
कुणाकडं बघून, ते रिपोर्टात स्पष्ट नाही.

सी.आय.डी.च्या जमादारानं बनवणाऱ्याचं नाव हुडकून लिहिलं होतं.
साहेबानं ते हिरव्या शाईनं खोडलं,
इतकं दाबून की निब कागदापार गेली.
समासात शेरा: नाक बरोबर आहे. कारवाई नको.

इथं मी थांबले. चहा सांगितला.
मला तो माणूस आवडायला लागला होता.

पुढचा ऑगस्ट.
तीच शाई, तेच उजवीकडं कललेलं सुबक अक्षर.
तीन फैरी.
खाली दोन नावं.
सदू पराते, विडी कामगार, वय चाळीस.
कवडू निनावे, विणकर, वय सतरा.
ह्यांच्यावर रेघ नाही.
न वापरलेली काडतुसं परत जमा केल्याची पावती तेवढी
टाचणीनं लावलेली, आणि टाचणी गंजून
तिसऱ्या पानापर्यंत उतरलेली.
चहा आला. गार झाला.

सगळ्यात शेवटी, लिफाफ्यासकट,
त्रेपन्न सालचं पत्र. समुद्राकाठचं कुठलंसं गाव.
पेन्शनीबद्दल नाही, संत्र्यांबद्दलही नाही.
तो बाहुला करणाऱ्याचं नाव कळेल का, विचारतोय.
तेव्हा ठाऊक होतं, आता काही केल्या आठवत नाही.
त्याला पाच रुपये द्यायचे राहिले.
वर आपल्याच कुणा हेडक्लार्कचं वळण:
उत्तराची गरज नाही. फाइल करा.

मी ते खोडलेलं पान ट्यूबलाइटपुढं धरलं.
पुढून, मागून. बोट फिरवलं. मोजपट्टी लावली.
सव्वा इंच.
सव्वा इंचात कवडू बसतो.
सदूही बसतो. बसवायचाच तर अर्धा महाल बसतो.
आणि नाव कळलं असतं तरी
पाच रुपये कुठल्या हेडखाली टाकायचे होते,
सायेब?

पोळा आठ दिवसांवर आलाय.
जागनाथ बुधवारीत कामट्या सोलणं सुरू झालं असेल,
कोणी तरी कोणाचं तरी नाक घडवत असेल.
मशीन विचारतंय, पान खराब असल्यास कारण नोंदवा.
भोकाभोवती हिरवा रंग अजून ताजा दिसतो.
मी लिहिलं, वाळवी.